फेसबुक पडलं तेव्हा दुरुस्तीचा रस्ताही कसा बंद झाला? 'आऊट-ऑफ-बँड' म्हणजे काय?

४ ऑक्टोबर २०२१, सोमवारची रात्र. भारतात नऊ वाजून गेले होते. जेवणं आटोपून लोकांनी मोबाईल हातात घेतला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जाईनात. मेसेजसमोरचं छोटं घड्याळ तसंच राहिलं. कुणी वायफाय बंद-चालू केलं, कुणी मोबाईल रिस्टार्ट केला, कुणी रिचार्ज संपलं का ते तपासलं. शेवटी ट्विटर उघडल्यावर कळलं की घोळ आपल्या फोनमध्ये नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर एकाच वेळी बंद पडलं होतं.

केंद्र सरकारने त्याच वर्षी दिलेल्या आकड्यांनुसार भारतात व्हॉट्सअ‍ॅपचे ५३ कोटी वापरकर्ते होते. सेवा परत सुरू व्हायला सहा तासांहून जास्त वेळ लागला. भारतात तोवर पहाट व्हायला आली होती.

चूक साधीच होती. देखभालीच्या कामात एक कमांड चुकीची गेली. जगातले उत्तमातले उत्तम इंजिनिअर ज्या कंपनीत आहेत, तिला एक कमांड मागे घ्यायला सहा तास का लागले? कारण ती मागे घेण्यासाठी ज्या रस्त्याने आत जायचं, तो रस्ताच त्या कमांडने बंद केला होता. आत जायचा जो दुसरा, राखीव रस्ता होता, तोही त्या रात्री चालला नाही.

या राखीव रस्त्याला नेटवर्कच्या जगात 'आऊट-ऑफ-बँड' म्हणतात. बँक, विमानतळ, मोबाईल कंपनी, शेअर बाजार, यांचं नेटवर्क पडलं की ते तासाभरात उठणार की दिवसभर पडून राहणार, हे बऱ्याचदा या रस्त्यावर ठरतं.

त्या रात्री नेमकं काय झालं?

फेसबुकची डेटा सेंटर्स जगभर पसरलेली आहेत आणि ती कंपनीच्या स्वतःच्या केबल नेटवर्कने जोडलेली आहेत. याला बॅकबोन म्हणतात. कंपनीचे पायाभूत सुविधा विभागाचे उपाध्यक्ष संतोष जनार्दन यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या स्पष्टीकरणानुसार, या बॅकबोनची क्षमता तपासण्यासाठी एक कमांड दिली गेली. तिने चुकून बॅकबोनची सगळी जोडणीच तोडली. अशी घातक कमांड अडवण्यासाठी तपासणीची यंत्रणा होती, पण तिच्यातच दोष असल्याने ती थांबवू शकली नाही.

पुढचा प्रकार आपोआप घडला. 'फेसबुक डॉट कॉम' हे नाव टाकल्यावर नेमकं कुठल्या सर्व्हरकडे जायचं, हे सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी म्हणा. फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरना असा नियम घालून दिला होता की डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपली जोडणी खराब आहे असं समजायचं आणि इंटरनेटवरून आपला पत्ता काढून घ्यायचा. एखादं केंद्र बिघडलं तर हा नियम शहाणपणाचा आहे. त्या रात्री सगळ्याच केंद्रांचा संपर्क एकदम तुटला आणि सगळ्यांनीच आपले पत्ते काढून घेतले. बाहेरच्या जगासाठी फेसबुकचा पत्ताच उरला नाही.

इंजिनिअरना आत जाता येईना, कारण नेटवर्क बंद होतं. बिघाड शोधायची कंपनीची अनेक साधनं डीएनएसवर चालायची, तीही बंद. जनार्दन यांनी स्पष्टच लिहिलं की मुख्य आणि आऊट-ऑफ-बँड, दोन्ही मार्ग बंद असल्याने माणसांना थेट डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. तिथेही कडेकोट बंदोबस्त होता. इमारतीत शिरणं अवघड, आणि शिरल्यावर मशीनमध्ये बदल करणं त्याहून अवघड, कारण बाहेरच्या कुणी हात घालू नये म्हणूनच ती तशी बनवलेली होती.

आऊट-ऑफ-बँड म्हणजे काय?

घरच्या वायफाय राउटरचं उदाहरण घ्या. पासवर्ड बदलायचा असेल तर आपण त्याच वायफायला जोडलेल्या मोबाईलवरून राउटरचं सेटिंग उघडतो. आता चुकून असं सेटिंग बदललं की वायफायच बंद पडलं, तर? मोबाईलवरून ते परत उघडता येत नाही, कारण जोडणीच गेली. मग आपण उठतो, राउटरपाशी जातो आणि मागच्या बारीक छिद्रात पिन घालून तो रिसेट करतो.

ज्या नेटवर्कवरून ग्राहकांची ये-जा चालते, त्याच नेटवर्कवरून यंत्रांची व्यवस्था बघणं म्हणजे 'इन-बँड'. हे सोपं आणि स्वस्त असतं, आणि रोजच्या कामाला पुरतं. अडचण अशी की नेटवर्क पडलं की दुरुस्तीचा रस्ताही सोबत पडतो. घरचा राउटर चार पावलांवर असतो. मोबाईल कंपनीचे शेकडो राउटर देशभर विखुरलेले असतात, काही रात्री माणूसही नसलेल्या खोल्यांमध्ये. तिथे पिन घेऊन कोण जाणार?

म्हणून वेगळी वाट ठेवतात. प्रत्येक मोठ्या राउटरला आणि स्विचला एक कन्सोल पोर्ट असतो. नेटवर्क पूर्ण बंद असलं तरी या पोर्टमधून त्या यंत्राशी थेट बोलता येतं. अशा अनेक यंत्रांचे कन्सोल पोर्ट 'कन्सोल सर्व्हर' नावाच्या एका डब्याला जोडतात. त्या डब्याला बाहेर पडायला स्वतःची वाट दिलेली असते: सिमकार्डवर चालणारा ४जी मोडेम, दुसऱ्या कंपनीची ब्रॉडबँड लाईन किंवा सॅटेलाईट. मुख्य नेटवर्क गेलं तरी मुंबईत बसलेला इंजिनिअर या वाटेने हजार किलोमीटर लांबच्या राउटरमध्ये शिरून चुकीची कमांड मागे घेऊ शकतो.

सर्व्हरमध्येही अशीच सोय असते. मदरबोर्डवर एक स्वतंत्र छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो. मुख्य सर्व्हर बंद असला, विंडोज किंवा लिनक्स कोसळलेलं असलं, तरी वीज असेपर्यंत हा छोटा कॉम्प्युटर जागा असतो. त्याच्यामार्फत लांबून सर्व्हर चालू-बंद करता येतो, त्याची स्क्रीन पाहता येते. सोबत वीज नियंत्रित करणारे बोर्डही असतात, म्हणजे अडकलेल्या यंत्राचा 'प्लग' लांबून काढून परत लावता येतो.

आपल्या गडकोटांवर ही कल्पना जुनीच आहे. रायगडाला महादरवाजा आहे, आणि तटबंदीत चोरदिंडीही आहे. महादरवाजासमोर वेढा पडला तर आत-बाहेर करायला दुसरी वाट हवी, एवढाच त्यामागचा विचार. मात्र चोरदिंडीची वाटही महादरवाजातूनच जात असती, तर वेढ्याच्या दिवशी तिचा काय उपयोग झाला असता?

कॅनडातले २६ तास

८ जुलै २०२२ ला कॅनडाने याचं उत्तर पाहिलं. रॉजर्स ही तिथली सगळ्यात मोठ्या टेलिकॉम कंपन्यांपैकी एक. नेटवर्क अपग्रेडचं काम सात टप्प्यांत चाललं होतं आणि त्यातला सहावा टप्पा त्या पहाटे होता. आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्यामुळे या कामाची जोखीम 'जास्त'वरून 'कमी' अशी उतरवली गेली होती.

पहाटे पावणेपाचच्या सुमारास एका राउटरवरचा फिल्टर काढला गेला. हा फिल्टर म्हणजे धरणाचा दरवाजा समजा. तो निघताच रस्त्यांच्या माहितीचा लोंढा नेटवर्कच्या गाभ्यातल्या राउटरवर आदळला आणि ते कोसळले. मोबाईल आणि घरचं इंटरनेट, दोन्ही सेवांचा गाभा एकच होता. त्यामुळे दोन्ही एकदम गेल्या. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक अडकले. डेबिट कार्डचे व्यवहार चालवणारी इंटरॅक ही यंत्रणा रॉजर्सवर अवलंबून होती, त्यामुळे दुकानांत कार्ड चालेना.

सगळ्यात गंभीर गोष्ट ९११ या आपत्कालीन नंबरची. एका कंपनीचं नेटवर्क नसेल तर मोबाईल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून आपत्कालीन कॉल लावतो. रॉजर्सचे टॉवर मात्र चालू होते, फक्त त्यांच्यामागचा गाभा मेला होता. फोनला वाटत होतं नेटवर्क आहे. त्यामुळे अनेक फोन दुसऱ्या कंपनीकडे वळलेच नाहीत आणि कॉलही लागले नाहीत.

कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने या प्रकरणाची स्वतंत्र तपासणी करून घेतली. २०२४ मध्ये आलेल्या त्या अहवालातली निरीक्षणं नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत अशी आहेत. यंत्रांची व्यवस्था बघण्याचं नेटवर्क त्याच गाभ्यावर अवलंबून होतं. गाभा गेला, तशी इंजिनिअरची आत जाण्याची वाटही गेली. बिघाडाच्या नोंदीच पाहता येत नसल्याने मूळ कारण कळायलाच सुमारे १४ तास लागले.

त्यात आणखी एक गोष्ट होती. कर्मचाऱ्यांचे फोन आणि इंटरनेटही रॉजर्सचंच. ज्यांनी एकमेकांना फोन करून दुरुस्ती ठरवायची, त्यांचेच फोन बंद. शेवटी दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं कर्मचाऱ्यांपर्यंत पोचवावी लागली. सेवा पूर्ववत व्हायला २६ तासांच्या आसपास वेळ गेला. त्यानंतर रॉजर्सने व्यवस्थापनाचं नेटवर्क मुख्य गाभ्यापासून वेगळं केलं.

पुढच्या वर्षी, ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑस्ट्रेलियात ऑप्टस कंपनीचं नेटवर्क सुमारे १४ तास पडलं. राउटरकडे माहितीचा मोठा लोंढा आला आणि सुरक्षेसाठी ठरवलेल्या मर्यादेमुळे ते स्वतःच नेटवर्कपासून तुटले. काही ठिकाणी ते परत जोडायला माणसं पाठवावी लागली. त्या काळात २,१४५ लोकांचे आपत्कालीन कॉल लागू शकले नाहीत. कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी दोन आठवड्यांच्या आत राजीनामा दिला आणि पुढे कंपनीला १ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

राखीव वाट बंद पडते कशी?

मोठ्या कंपन्यांना राखीव वाटेची कल्पना नसते असं नाही. फेसबुककडे ती होती. घात बहुतेक वेळा लपलेल्या अवलंबित्वामुळे होतो. कागदावर दोन वाटा दिसतात, पण कुठेतरी त्या एकाच खांबावर टेकलेल्या असतात.

- एकच केबल: दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाईन घेतल्या, पण दोघींची केबल एकाच रस्त्याखालून जाते.
- एकच टेलिकॉम कंपनी: मोबाईल कंपनीनेच आपल्या कन्सोल सर्व्हरमध्ये स्वतःचं सिमकार्ड घातलं.
- एकच लॉगिन: राखीव वाट चालू आहे, पण तिथे पासवर्ड तपासणारा सर्व्हर मुख्य नेटवर्कवर आहे. ओटीपीही तिथूनच येतो.
- एकच डिरेक्टरी: यंत्रांचे आकडी पत्ते कुणाला पाठ नाहीत, सगळं नावाने चालतं, आणि नावं सांगणारं डीएनएस बंद आहे.
- एकच संपर्क: दुरुस्तीची टीम ज्या चॅट अ‍ॅपवर बोलते, तेही त्याच नेटवर्कवर.

यातली एकही गोष्ट चांगल्या दिवशी दिसत नाही. ती दिसायला मुख्य नेटवर्क खरोखर बंद करून पाहावं लागतं. वर्षातून एकदा ठरलेल्या वेळी जोडणी तोडून, फक्त राखीव वाटेने आत जाता येतं का, हे तपासणं हाच त्यावर उपाय आहे. फेसबुक मोठ्या बिघाडांच्या अशा रंगीत तालमी आधीपासून घेत होतं. पण अख्खा जागतिक बॅकबोन गेल्याची तालीम कधी झाली नव्हती, असं जनार्दन यांनीच लिहिलं आहे.

पण हीच वाट चोराला सापडली तर?

इथे दुसरी बाजू सुरू होते. जी वाट सगळं बंद असतानाही आत नेते, ती हल्लेखोरासाठी सोन्याची खाण आहे. मदरबोर्डवरच्या त्या छोट्या कॉम्प्युटरचा ताबा मिळाला तर मुख्य सर्व्हरवरचं अँटिव्हायरस काही करू शकत नाही, कारण हा कॉम्प्युटर त्याच्या नजरेच्या बाहेर असतो.

ही नुसती भीती नाही. २०१७ मध्ये इंटेलच्या अशाच तंत्रज्ञानात एक दोष सापडला. पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी यंत्रणा आत घेत होती. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या 'सिसा' या सायबर सुरक्षा संस्थेने एएमआय कंपनीच्या मेगारॅक सॉफ्टवेअरमधला दोष 'प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला गेलेला' म्हणून आपल्या यादीत टाकला. अनेक कंपन्यांच्या सर्व्हरमधला तो छोटा कॉम्प्युटर याच सॉफ्टवेअरवर चालतो.

त्याआधी जून २०२३ मध्ये 'सिसा'ने अमेरिकेच्या केंद्र सरकारी कार्यालयांना आदेश दिला होता. यंत्रांच्या व्यवस्थापनाची पानं उघड्या इंटरनेटवर दिसत असतील, तर कळल्यापासून १४ दिवसांत ती काढा किंवा कडक तपासणीमागे न्या. आऊट-ऑफ-बँडची साधनंही त्यात धरलेली होती.

मग ही वाट ठेवावी की नाही? याचं उत्तर डिसेंबर २०२४ मध्ये मिळालं. 'सॉल्ट टायफून' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चीनशी संबंधित हॅकर गटाने अमेरिकेच्या मोठ्या टेलिकॉम कंपन्यांत शिरकाव केल्याचं उघड झालं होतं. त्यानंतर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडच्या सुरक्षा संस्थांनी टेलिकॉम कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यवस्थापनासाठी ग्राहकांच्या वाहतुकीपासून भौतिकदृष्ट्या वेगळं, आऊट-ऑफ-बँड नेटवर्क वापरा, असं सांगितलं आहे.

म्हणजे हीच वाट नीट बांधली तर सुरक्षाही वाढवते. राउटरचं सेटिंग फक्त वेगळ्या नेटवर्कवरूनच उघडत असेल, तर ग्राहकांच्या बाजूने घुसलेल्या हॅकरला ते दिसतच नाही. त्यासाठी दिंडी लपलेली हवी, तिच्यावर पहारा हवा आणि कोण केव्हा आलं-गेलं याची नोंद हवी.

ओढाताण मात्र संपत नाही. कुलूप जितकं पक्कं, तितकं आणीबाणीत आपल्याच माणसाला आत जायला उशीर. फेसबुकने या उशिराचं समर्थनच केलं. रोजच्या भक्कम सुरक्षेसाठी क्वचित कधी दुरुस्ती लांबली तर ती किंमत परवडते, असं जनार्दन यांचं म्हणणं होतं. सोशल मीडियाच्या बाबतीत हे पटण्यासारखं आहे. ज्या नेटवर्कवरून रुग्णवाहिका बोलावली जाते, तिथे हा हिशोब वेगळा करावा लागतो.

भारतात काय स्थिती आहे?

२४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईमध्ये, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले. ते दुपारी पावणेचारला सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. एनएसईने नंतर सांगितलं की त्यांच्या दोन केंद्रांमध्ये दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाईन होत्या, पण मार्गावरच्या खोदकामामुळे दोन्ही कंपन्यांच्या लाईन डळमळल्या. ही घटना आऊट-ऑफ-बँडची नव्हती, पण वर सांगितलेल्या यादीतला पहिलाच मुद्दा इथे खरा ठरला.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राईक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. चूक लगेच सापडली होती, अपडेटही मागे घेतलं गेलं. पण जे कॉम्प्युटर चालूच होत नव्हते त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसाने जाऊन एकेक कॉम्प्युटर हाताने दुरुस्त केला. ज्या यंत्रांमध्ये लांबून नियंत्रणाची स्वतंत्र सोय होती आणि ती आधीपासून चालू करून ठेवली होती, तिथे हे काम जागेवरून करता आलं.

भारतात आज डेटा सेंटरचा सगळ्यात मोठा भार मुंबई आणि नवी मुंबईवर आहे. भाजीवाल्यापासून हॉस्पिटलपर्यंत सगळ्यांचे पैसे यूपीआयवर फिरतात. ग्राहकाच्या बाजूने नियम काय, तर ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव वैधता मिळते. ऑप्टससारखा १४ तासांचा बिघाड या नियमात बसणारच नाही. शिवाय ही भरपाई झाल्यानंतरची गोष्ट आहे. आधी काय तयारी होती, हे त्यातून कळत नाही. कॅनडाच्या नियामकाने रॉजर्सच्या बाबतीत केली तशी स्वतंत्र तपासणी आणि तिचा जाहीर अहवाल यातूनच ते कळतं.

पुढच्या वेळी काय पाहावं?

पुढच्या वेळी एखादी मोठी सेवा पडली आणि 'तांत्रिक अडचण दूर झाली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असा मेसेज आला, तर त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. मूळ चूक कळायला किती वेळ लागला? कळल्यावर आत जाऊन ती सुधारायला किती वेळ लागला? आणि दुरुस्ती लांबून झाली, की माणसं पाठवावी लागली?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'माणसं पाठवली' असं असेल, तर बहुधा राखीव वाट नव्हती, किंवा होती पण मुख्य वाटेसोबतच पडली. चूक कुठल्याही कंपनीकडून होऊ शकते. ती मागे घ्यायची वाट शाबूत होती का, हे आधी तपासून ठेवणं मात्र पूर्णपणे कंपनीच्या हातात असतं. नियामकाने, पत्रकारांनी आणि ग्राहकांनी विचारायचा प्रश्नही तोच आहे: ही वाट शेवटची कधी वापरून पाहिली होती?